कासवाचे तोंड जिकडे

दुसऱ्याच्या मदतीला धावून जाण्याची ओढ माणसाच्या ठायी उपजत असते की ती संस्कारांनी बाणते, हा वाद जुना आहे आणि तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. मदतीला धावून गेल्यावर पुढे नेमके काय करायचे, हा प्रश्न मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. हेतू शुद्ध असला की कृती आपोआप योग्य होते, अशी आपली एक भाबडी समजूत असते. ती कितपत खरी आहे हे तपासून पाहण्यासाठी मी एक अगदी लहानसे उदाहरण घेणार आहे, रस्ता ओलांडणाऱ्या कासवाचे. नीतिशास्त्रासारख्या भारदस्त विषयाला हे उदाहरण तोकडे पडेल अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु युद्ध, दुष्काळ, क्रांती अशा मोठ्या उदाहरणांत माणसाचे स्वार्थ आणि अहंकार इतके गुंतलेले असतात की मूळ प्रश्न धूसर होऊन जातो. कासवाकडून आपल्याला काहीच मिळायचे नसते. ते आभारही मानत नाही. उलट, पुष्कळदा चावते.

कॅनडाचा ओन्टारिओ प्रांत आणि अमेरिकेची पूर्वेकडील राज्ये यांत हे दृश्य दर वर्षी दिसते. आपल्यातील कित्येकांची मुले-नातवंडे आज त्या भागात स्थायिक आहेत. त्यांनी ते पाहिलेही असेल. हिवाळाभर बर्फाच्या थराखाली, तळ्याच्या तळाशी जवळजवळ निश्चल पडून राहिलेली कासवे वसंतात वर येतात आणि मे महिन्याच्या अखेरीपासून जून संपेपर्यंत माद्या पाणी सोडून जमिनीवर निघतात. कासवी पाण्यात राहत असली तरी अंडी तिला कोरड्या, उन्हाने तापणाऱ्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीतच घालावी लागतात. अशी जागा शोधत ती कधी चार पावले, तर कधी किलोमीटरभरही चालते. दुर्दैव असे की रस्त्याच्या कडेची खडी-मुरमाची साइडपट्टी तिला या कामासाठी अगदी पसंत पडते. तेथे झाडोरा नसतो, ऊन भरपूर असते आणि भुगा उकरायला सोपा असतो. नरही जोडीदाराच्या शोधात भटकतात, तळे आटले की सारीच नवे पाणी शोधायला निघतात, आणि उन्हाळा सरता सरता नाण्याएवढी पिल्ले अंड्यातून बाहेर पडून पाण्याची वाट धरतात. मात्र रस्त्यावर सर्वाधिक दिसते ती अंडी पोटात घेऊन निघालेली मादी. न्यूयॉर्क राज्यातील तळ्यांची पाहणी करून २००४ साली दोन संशोधकांनी दाखवून दिले की, जेथे रस्त्यांचे जाळे दाट आहे तेथील तळ्यांत नरांचे प्रमाण वाढलेले आढळते. याचा अर्थ वेगळा सांगायला नको. माद्या वाटेतच संपत होत्या.

आपल्या परंपरेत कासवाला मोठा मान आहे. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते आणि भाविक त्याला पाय लागू न देता पुढे जातो. आपले अवयव आत ओढून घेणारे कासव हे गीतेने स्थितप्रज्ञाचे प्रतीक म्हणून योजले आहे. मराठी संतांनी तर कासवीला मातृत्वाच्या अत्युच्च स्थानी बसवले. तिला पान्हा नसतो, ती पिल्लांना पंखांखाली घेत नाही, केवळ दुरून पाहून, दृष्टीनेच ती त्यांचे पोषण करते, अशी ती कल्पना आहे. काव्य म्हणून ती अप्रतिम आहे. प्राणिशास्त्र निराळेच सांगते. कासवी खड्डा खणते, अंडी घालते, मागील पायांनी माती सारखी करते आणि पाण्याकडे परत फिरते. आपले पिल्लू तिला कधी दिसत नाही, आणि दिसले तरी तिला त्याची ओळख नसते. म्हणजे तिचे सारे मातृत्व त्या एका प्रवासात सामावलेले असते. पाण्यातून योग्य मातीपर्यंत जाणे आणि परत येणे, एवढेच. संतांची कासवी आणि खरी कासवी यांत मला खरीच अधिक थोर वाटते. पण तो रुचीचा प्रश्न झाला.

आत ओढून घेण्याच्या त्या गुणाबद्दल मात्र थोडे अधिक बोलायला हवे. कासवांचा वंश पृथ्वीवर वीस कोटी वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे. संकट आले की थांबावे, डोके-पाय आत घ्यावेत आणि शत्रू कंटाळून जाईपर्यंत वाट पाहावी, ही त्यांची युक्ती एवढ्या प्रदीर्घ काळात खरी ठरली. उत्तर अमेरिकेतील बॉक्स टर्टल नावाच्या कासवाच्या पोटाकडील कवचाला बिजागरीसारखा सांधा असतो. ते पेटीच्या झाकणासारखे स्वतःला संपूर्ण मिटून घेते. कोल्हा किंवा रॅकून त्याला उलथापालथा करतो, नखे घासतो आणि निघून जातो. मोटारगाडीचा जन्म १८८६ सालचा धरला, तर तिला अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत. गाडीचा आवाज आणि हादरा जाणवताच कासव वडिलोपार्जित शहाणपणाला अनुसरून जागच्या जागी थांबते. ज्या गुणाला आपण स्थितप्रज्ञता म्हटले, तोच डांबरावर त्याच्या मृत्यूचे कारण ठरतो. त्यात कासवाचा काही दोष आहे असे कोणी म्हणू नये. त्याच्या पायाखालची जमीन आपण बदलली आहे.

एक कासव मेले तर असे काय बिघडले, हा प्रश्न येथे विचारला जातोच. तो हृदयशून्य म्हणून झटकून टाकण्यापेक्षा त्याचे उत्तर देणे बरे. ओन्टारिओतील अल्गोन्क्विन या संरक्षित वनक्षेत्रात १९७२ पासून स्नॅपिंग टर्टल या दांडग्या कासवांचा अभ्यास चालू आहे. प्राध्यापक रोनाल्ड ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके या कासवांवर खुणा करून त्यांचा मागोवा घेतला. त्या थंड प्रदेशात मादी पहिल्यांदा अंडी घालते ती वयाच्या सतराव्या ते विसाव्या वर्षाच्या सुमारास. एका वेळी ती दोन-तीन डझन अंडी घालते खरी. परंतु त्यांतील बहुतेक प्राणी खातात, काही थंडीने उबतच नाहीत, आणि हजार-दीड हजार अंड्यांमागे एखादेच पिल्लू वयात येते. याचा अर्थ स्वतःची जागा घेणारे एक अपत्य मागे ठेवण्यासाठी तिला अनेक दशके जगावे लागते आणि दर उन्हाळ्यात तो प्रवास करावा लागतो. १९८६ ते १९८९ या काळात तेथे पाणमांजरांनी हिवाळ्यात बरीच प्रौढ कासवे मारली. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ नोंदी घेतल्या, तरी संख्या पूर्ववत झाल्याचे दिसले नाही. मिशिगन राज्यातील एका राखीव क्षेत्रात तर २०१६ साली ऐंशी वर्षे ओलांडलेली ब्लँडिंग जातीची मादी आढळली, आणि ती अद्याप अंडी घालत होती.

येथे एक विलक्षण गोष्ट घडते. एका जिवाबद्दल वाटणारी करुणा आणि समूहाच्या हिताचा हिशेब यांचे सहसा पटत नाही. करुणा डोळ्यांसमोरच्या एकासाठी कळवळते, तर हिशेब अनेकांकडे पाहायला सांगतो. उंदीर किंवा बेडूक यांच्या बाबतीत एक वाचल्याने जातीच्या भवितव्यात फरक पडत नाही. प्रौढ कासवीच्या बाबतीत तो पडतो. लहान तळ्यातील दहा-पंधरा माद्यांपैकी वर्षाला एखाद-दुसरी जरी चाकाखाली गेली, तरी ते तळे हळूहळू, कोणाच्या लक्षातही न येता, रिकामे होत जाते. म्हातारी कासवे उन्हात ओंडक्यावर बसलेली दिसत राहतात, पाहणारा म्हणतो, सारे ठीक आहे; आणि तळ्यात लहान कासव एकही उरलेले नसते.

मग रस्त्यावरून जाणारा माणूस वागतो कसा? ईरी सरोवराच्या काठी लाँग पॉइंट नावाचे भूशिर आहे. त्याकडे जाणारा सुमारे साडेतीन किलोमीटरचा रस्ता दलदल आणि खाडी यांच्या मधोमध बांधावरून जातो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार चार हंगामांत या एवढ्याशा रस्त्यावर बत्तीस हजारांहून अधिक प्राणी मेलेले मोजले गेले. त्यांत बेडूक सर्वांत जास्त होते. पुढे त्याच रस्त्यावर संशोधकांनी एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. कासवाची व सापाची हुबेहूब प्रतिकृती आणि तुलनेसाठी काही निर्जीव वस्तू रस्त्यावर ठेवून कोण काय करतो हे त्यांनी दडून पाहिले. शंभरातील सुमारे २.७ चालकांनी कासव वा साप दिसताच मुद्दाम त्यावर गाडी घातली. काही थोड्यांनी गाडी थांबवली, खाली उतरून त्याला वाचवण्याचा प्रयत्न केला. उरलेले सरळ निघून गेले.

या आकड्यांकडे पाहताना आपले लक्ष त्या दुष्टांकडे प्रथम जाते. मला ते फारसे विचार करण्याजोगे वाटत नाहीत. निष्कारण क्रौर्य ही माणसातील जुनी गोष्ट आहे आणि तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे. विचार करायला लावतात ते मधले, आपल्यासारखे. त्यांनी काही वाईट केले नाही. त्यांचा वेग तेवढा जास्त होता. ताशी ऐंशी किलोमीटरने जाणाऱ्याला कासव म्हणजे रस्त्यावरचा दगड किंवा फाटका टायर वाटतो, आणि ते काय होते हे ध्यानात येईपर्यंत तो अर्धा किलोमीटर पुढे गेलेला असतो. परत फिरण्याइतके ते महत्त्वाचे होते काय, असा प्रश्न मनात येतो व तोवर आणखी एक किलोमीटर सरतो. आपल्या कित्येक कर्तव्यांची वासलात अशीच लागते. नकार दिला असे कधी होत नाही. वेग फक्त कमी झालेला नसतो.

आता त्या थांबलेल्या माणसाकडे वळू. तो भला आहे. गाडी बाजूला घेऊन, मागची वाहने पाहून तो खाली उतरला आहे. समोर कासव आहे, त्याचे तोंड रस्त्याच्या पलीकडे आहे. अलीकडे, जिकडून ते आले, तिकडे सुंदर तळे आहे. पलीकडे केवळ रुक्ष माळ. भल्या माणसाला वाटते, बिचारे वाट चुकले. तो ते उचलतो आणि तळ्यात नेऊन सोडतो. तासाभराने कासवी पुन्हा रस्त्यावर येते. तिला माळच हवा होता.

किंवा तो अधिकच भला असतो. हा रस्ता धोक्याचा, हे तळे लहान, असे म्हणून तो तिला गाडीत घेतो आणि वीस किलोमीटरवरील एका शांत, विस्तीर्ण सरोवरात सोडून समाधानाने घरी जातो. आता पाहा. मेरीलँड राज्यातील पटक्संट येथे ल्युसिल स्टिकेल या विदुषींनी १९४४ पासून बॉक्स टर्टल कासवांवर खुणा करून त्यांच्या हालचाली टिपल्या आणि १९५० साली आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. एकेका कासवाचा वावर सामान्यतः शंभर-सव्वाशे मीटर व्यासाच्या टापूत होता. पुढे अनेक दशके नोंदी होत राहिल्या तेव्हा दिसले की, कित्येक कासवे त्याच टापूत आयुष्य काढत होती. कोणत्या ओंडक्याखाली ओल टिकते, कोणते फळ कोठे आणि कधी पडते, थंडीत कोठे पुरून घ्यायचे, हे सारे त्या टापूतच त्यांनी शिकलेले असते. असे कासव दूर नेऊन सोडले की त्यांतील पुष्कळशी आपले घर शोधत निघतात. नव्या जागेत ती स्थिरावत नाहीत, भटकत राहतात, आणि भटकताना एकाच्या जागी दहा रस्ते ओलांडतात. वन्यजीवांची काळजी वाहणाऱ्या तेथील संस्थांनी म्हणून एक साधा नियम सांगितला आहे. कासवाचे तोंड जिकडे असेल तिकडच्या कडेला, सरळ रेषेत, रस्त्याबाहेर थोड्या अंतरावर त्याला ठेवावे आणि आपल्या वाटेने जावे. घरी नेऊ नये, दुसऱ्या तळ्यात सोडू नये.

हा नियम वरवर पाहता कामचलाऊ सूचना वाटतो. माझ्या मते त्यात नीतीचा एक मोठा सिद्धान्त दडलेला आहे. कासवाला रस्त्यापलीकडे नेणे याला आपण दया म्हणतो. दया म्हटली की देणारा वर आणि घेणारा खाली, असे आपोआप होते. आणि वर असलेल्याला खालच्याचे हित ठरवण्याचा अधिकार मिळाल्यासारखे वाटते. पण येथे नीट पाहिले तर रस्ता नंतर आला, वाट आधीची आहे. तळे आणि माळ यांच्यामधून जाण्याचा तिचा परिपाठ आपल्या डांबराच्या कितीतरी आधीचा. आपण तिच्या वाटेवर येऊन बसलो आहोत. म्हणून तिला पलीकडे पोहोचवणे ही केवळ अंशतः केलेली भरपाई ठरते. तो न्यायाचा प्रांत आहे, दयेचा नव्हे. आणि न्याय करणाऱ्याला, देणे फेडताना, तू हे पैसे अमुकच गोष्टीवर खर्च कर असे धनकोला सांगता येत नाही. दिशा तिची. आपल्याकडे फक्त हात आहेत.

आपल्या मुलखातही हे उदाहरण परके नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला तळी-ओढ्यांतली कासवे बाहेर पडतात आणि गावातल्या रस्त्यावर, भाताच्या बांधावर सापडतात. ती दिसली की मारणारे असतात, तसे जीव लावणारेही असतात. आणि जीव लावणारा बहुधा ते कासव उचलून आपल्या विहिरीत सोडतो. विहिरीत कासव असले की पाणी स्वच्छ राहते, अशी आपल्याकडे पूर्वापार समजूत आहे. कासवाला पाणी मिळाले, विहिरीला राखणदार मिळाला, दोघांचे भले झाले, असा हा हिशेब. पण बांधीव विहिरीच्या उभ्या भिंतीवरून कासव कधीही वर येऊ शकत नाही. त्याला सोबती नसतो. मादी असली तर अंडी घालायला माती नसते. पुढची कित्येक वर्षे ते वरच्या आभाळाच्या गोल तुकड्याखाली फिरत राहते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपली रानटी कासवे पकडणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट वेगळीच. शहरात तर भरभराट व्हावी म्हणून काचेच्या पेटीत कासव ठेवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. ती मायेने त्याला खाऊ घालतात. तळी आणि बावखले बुजवून इमारती उठल्या, त्यांत कासवांची घरे गेली, याचा त्यांना विषाद वाटत नाही असेही नाही.

ही विहीर केवळ कासवांसाठी असते असे नाही. गावातील एखादी आजी एकटी पडते. मुलगा कर्तव्यदक्ष असतो. तो तिला मुंबईच्या किंवा टोरोंटोच्या आपल्या सदनिकेत नेतो. औषधपाणी, उबदार खोली, दूरचित्रवाणी, कशाचीच वाण नसते. आजीला हवी असते ती दुपारी पडवीत येऊन बसणारी शेजारीण, सकाळी विहिरीवरून ऐकू येणारे आवाज, आणि ज्या मातीत तिचे घरधनी निजले त्या मातीपर्यंत चालत जाता येणारी वाट. मुलगा चुकला असे म्हणायला जीभ धजत नाही. गावात ठेवणेही पुष्कळदा शक्य नसते. पण नेण्यापूर्वी तिचे तोंड कोणत्या दिशेला होते हे किती घरांत विचारले जाते, हा प्रश्न उरतोच. धरणाखाली गेलेल्या गावांतील लोकांना नव्या वसाहतींत नेऊन बसवताना तर तो कोणी विचारल्याचे फारसे ऐकिवात नाही. असो. माणसे निदान बोलू शकतात.

मदतीला मर्यादा असते, तीही सांगायला हवी. क्यूबेक प्रांतात २०१० साली एका महामार्गावर बदकाची पिल्ले पाहून एका चालकाने वेगाच्या मार्गिकेतच गाडी थांबवली. मागून येणारी मोटारसायकल तिच्यावर आदळली आणि वडील व मुलगी अशा दोघांचा मृत्यू झाला. २०१४ साली न्यायालयाने चालकाला दोषी ठरवले. हेतूविषयी कोणालाच शंका नव्हती. करुणेने पुढे पाहण्याइतकेच मागेही पाहणे आवश्यक असते. जेथे गाडी सुरक्षितपणे बाजूला घेता येत नाही, तेथे वेग कमी करून, कासवाला दोन चाकांच्या मधून जाऊ न देता शक्य तर वळसा घालून पुढे जावे. थांबणे हे तेथे पुण्य ठरत नाही.

आणि थांबलोच तर काम जाणून करावे. लहान कासवाला दोन्ही हातांनी, कवचाच्या दोन्ही बाजूंना धरून जमिनीलगतच उचलावे. ते घाबरून मूत्र सोडते, तेव्हा दचकून हातातून टाकू नये. स्नॅपिंग टर्टल हे मात्र निराळे प्रकरण. त्याच्या पोटाकडील कवच इतके आखूड असते की त्याला आत शिरून मिटता येत नाही, म्हणून जमिनीवर ते तोंडाने लढते. त्याची मान पाठीच्या अर्ध्याहून मागेपर्यंत पोहोचते. लोक त्याला शेपटीने उचलतात व आपण शहाणपणा केला असे समजतात. शेपटी ही पाठीच्या कण्याचाच भाग आहे. तिला लोंबकळवल्याने कणा दुखावतो. त्याऐवजी गाडीतले पायपुसणे किंवा गोणपाट त्याच्यापुढे टाकावे, त्यावर त्याला ढकलावे आणि ओढत पलीकडे न्यावे. फावडे असेल तर तेही चालते. नंतर हात साबणाने धुवावेत, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी आहे.

एवढे केल्यावर एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. हजारो गाड्यांच्या रस्त्यावर एकेका कासवाला उचलणारा एकेक माणूस किती पुरणार? रस्त्यांचा आराखडा करणारे खाते स्वस्थ बसते आणि त्याचे प्रायश्चित्त वाटसरूने घ्यावे, हा कोणता न्याय? फ्लॉरिडा राज्यात तलाहासीजवळ जॅक्सन नावाचे सरोवर आहे. चौपदरी महामार्ग क्रमांक २७ त्याचा एक तुकडा तोडून जातो. १९९९-२००० च्या अवर्षणात सरोवर आटले आणि कासवे पाण्याच्या शोधात महामार्गावर आली. फेब्रुवारी २००० मध्ये मॅथ्यू अरेस्को या विद्यापीठातील संशोधक विद्यार्थ्याला जेमतेम अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यात नव्वद मेलेली कासवे दिसली. त्याने रस्त्याकडेला बांधकामावर वापरतात तसल्या कापडाचे तात्पुरते कुंपण घातले आणि रोज तेथे फिरून, कुंपणाशी अडलेली कासवे उचलून पलीकडे नेण्याचा क्रम धरला. २००३ सालापर्यंत साडेआठ हजारांहून अधिक कासवांची नोंद झाली. कुंपण नसेल तर त्या वाहतुकीतून कासव सुखरूप पार होण्याची शक्यता २००१ साली शंभरात दोन एवढीच असल्याचे त्याने गणिताने दाखवले. त्या नोंदींच्या बळावरच पुढे तेथे कायमची भिंत आणि रस्त्याखालून जाणाऱ्या मोऱ्या यांची मागणी उभी राहिली. २००९ साली या कामासाठी ३४ लाख डॉलर मंजूर झाले, तेव्हा सेनेटर टॉम कोबर्न यांनी उधळपट्टीच्या यादीत त्याचा समावेश करून त्याची हेटाळणी केली. काम २०१० मध्ये पूर्ण झाले.

कोबर्न यांचा प्रश्न उर्मट असला तरी मूर्खपणाचा नव्हता. मंदीच्या दिवसांत माणसे बेकार असताना कासवांसाठी एवढा पैसा का? मला वाटते, प्रश्न मांडण्याची रीतच येथे फसवी आहे. महामार्ग बांधताना ओढ्याच्या पाण्यासाठी मोरी ठेवतात, तिचा खर्च कोणी पाण्यावर केलेला उपकार म्हणून लिहीत नाही. तो रस्त्याचाच खर्च असतो. कासवांची वाट तोडली तर तिची मोरी ही रस्त्याच्याच खर्चात पहिल्यापासून धरायला हवी होती. ती धरली नाही, म्हणून तेवढी वर्षे आपला रस्ता स्वस्त भासला. उरलेली किंमत कासवांनी भरली. लाँग पॉइंटच्या रस्त्यावरही २००८ पासून टप्प्याटप्प्याने कुंपण आणि मोऱ्या झाल्या. जेथे कुंपण सलग होते तेथे रस्त्यावर येणाऱ्या कासवांची संख्या जवळपास नव्वद टक्क्यांनी घटली. जेथे ते तुटक होते तेथे फारसा उपयोग झाला नाही. कासवे कुंपणाच्या कडेने चालत त्याचे टोक शोधून काढतात.

तरीही मोऱ्या होईपर्यंतच्या काळात कोणीतरी खाली उतरावेच लागते, आणि मोऱ्या व्हाव्यात म्हणूनही. जॅक्सन सरोवराची भिंत त्या रोजच्या फेऱ्यांतून उभी राहिली.

ओन्टारिओत पीटरबरोच्या परिसरात २००२ पासून केवळ कासवांसाठी एक रुग्णालय चालते. वर्षाला हजारांहून अधिक जखमी कासवे तेथे येतात. कवच हे निर्जीव टरफल नव्हे. फासळ्या आणि कणा यांचेच ते बनलेले असते, त्यात रक्त वाहते व त्याला वेदनाही होतात. फुटलेले तुकडे तारांनी जुळवून ते महिनोन्‌महिने भरू दिले जाते. ज्या माद्या वाचत नाहीत त्यांच्या पोटातील अंडी काढून घेतात आणि उबवतात. कोणी जखमी कासव घेऊन आला की नेमका रस्ता कोणता, जागा कोणती, याची नोंद आधी करून घेतली जाते, कारण बरे झालेले कासव तेथेच परत न्यायचे असते. मेलेल्या मादीच्या अंड्यांतून निघालेली पिल्लेही तिच्याच पाणथळीत, त्याच रस्त्याच्या बाजूला सोडली जातात.